हँडलवरच्या स्विचची कॅप तुटली, चिन्हं पुसली: पूर्ण स्विच न बदलता काय करता येईल?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ सालची, दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची हीच अवस्था दिसते. इंजिन ठणठणीत आहे. हँडलवरच्या बटणांवर मात्र वय दिसायला लागलंय. इंडिकेटरच्या सरकत्या बटणाची कॅप एका बाजूने सुटली आहे, आतला एक लॉक मोडलाय. अंगठ्याने ढकलली की इंडिकेटर लागतो, पण कॅप तिरकी होते आणि बंद करायला मधोमध दाबायला गेलं की नेम चुकतो. हॉर्नच्या बटणावरचं चिन्ह पार पुसलं गेलंय. उजवीकडे सेल्फच्या बटणाला बारीक तडा आहे.

वायरिंगमध्ये काहीही दोष नाही. हॉर्न, डिपर, इंडिकेटर, सेल्फ सगळं पहिल्या दाबात चालतं. स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर एकच: नुसती कॅप येत नाही, पूर्ण लेफ्ट साइड स्विच घ्या. ज्या वस्तूचं पोट शाबूत आहे ती वरचं झाकण मोडलं म्हणून फेकायची, हे मला पटत नाही.

आणि तसंच चालवावं, असंही नाही. रोज कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा असं करत महाप्याला जातो. माजिवड्याला पुलाखाली चहूबाजूंनी गाड्या अंगावर येतात. तिथे अंगठा बटण शोधत बसला की नजर खाली जाते. इंडिकेटर बंद झाला नाही तर मागचा माणूस वेगळाच अंदाज बांधून चालतो. बटण हाताला आपोआप सापडलं पाहिजे, बघायची वेळच येता कामा नये.

ठाणे किंवा नवी मुंबईत कुणी नुसत्या कॅप बदलून घेतल्या आहेत का? दुसऱ्या मॉडेलची बसते का? स्विच उघडून जुनी कॅप काढायची रीत काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गॅरेजवाला_कळवा

दादा, नुसती कॅप काउंटरवर मिळत नाही हे खरं. गॅरेजमध्ये मात्र मिळते. स्विच बदलायला येतो तो बहुतेक हेडलाइटचा कॉन्टॅक्ट, म्हणजे आतला वीज जोडणारा पितळेचा भाग, जळाला म्हणून नाहीतर हॉर्न वाजत नाही म्हणून. त्याच जुन्या स्विचवरची इंडिकेटरची कॅप धडधाकट असते. असे काढलेले स्विच आम्ही लगेच भंगारात घालत नाही, डब्यात टाकून ठेवतो. तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला म्हणा, तुमचा डबा बघू द्या. कळवा, खारेगाव, कोपरी, वागळे, कुठेही जुनं गॅरेज असेल तिथे हा डबा असतोच.

दुसऱ्या मॉडेलची बसते का, तर पुष्कळदा बसते. स्विच बनवणारे मोजकेच आहेत. मिंडासारखा एकच पुरवठादार बऱ्याच कंपन्यांना माल देतो. बाहेरचं हाउसिंग वेगळं दिसलं तरी आतली सरकपट्टी आणि तिच्यावरची कॅप तीच निघते. पण अंदाजाने घेऊ नका. आपली कॅप काढून खिशात ठेवा आणि मागची बाजू ताडून बघा. समोरून सारखी दिसणारी कॅप मागून वेगळी असू शकते.

आता काढायची रीत. आधी चावी बंद. हाउसिंग दोन फाकांचं असतं, खालून दोन स्क्रू. दोन्ही स्क्रू बऱ्याचदा वेगळ्या लांबीचे असतात, कुठला पुढचा कुठला मागचा ते बघून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर प्लास्टिकचे आटे फुटतात. एका फाकेला आतून बारीक खुंटी असते, ती हँडलच्या पाइपमधल्या भोकात बसते. परत लावताना ती भोकात बसली नाही तर स्विच हँडलभोवती फिरत राहतो, आणि जोर लावून आवळला तर हाउसिंगच तडकतं. तुमची कार्ब्युरेटरवाली आहे म्हणून सांगतो: काही गाड्यांत चोकची तार डाव्या स्विचमधूनच जाते. ती आधी बघा, ओढाताण करू नका.

हाउसिंग उघडलं की कॅप कशी धरली आहे ते कळेल. काहींना मागून इवलासा स्क्रू असतो. काही नुसत्या दोन लॉकवर दाबून बसवलेल्या असतात. काही आतल्या सरकपट्टीबरोबर एकाच साच्यात ओतलेल्या असतात, त्या सुट्या होत नाहीत. लॉकवाली असेल तर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कडेला दात पडतात. मोबाइल उघडायची प्लास्टिकची पट्टी वापरा. आणि इंडिकेटरची सरकपट्टी मोकळी करायची वेळ आली तर परातीत किंवा पांढऱ्या कापडावरच करा. आत स्प्रिंग असते, काहींत बारीक स्टीलची गोळी असते. बटण मधोमध अडकून राहतं ते तिच्यामुळेच. ती उडाली की सापडत नाही.

खोपट_ते_खारघर

माझं मत वेगळं आहे. दहा वर्षांहून जुना स्विच आहे. कॅप बदलाल, पुढच्या पावसाळ्यात हॉर्नचा कॉन्टॅक्ट जाईल, मग पुन्हा तेच काम. एकदाच पूर्ण असेंब्ली घाला, कंपनीची घाला आणि मोकळे व्हा. रोज कामावर जायच्या गाडीवर प्रयोग नकोत.

गॅरेजवाला_कळवा

साहेब, कॉन्टॅक्ट गेला असता तर मीही तेच म्हटलं असतं. इथे ते लिहितात की सगळं पहिल्या दाबात चालतं. आणि हाउसिंग उघडल्यावर आतली अवस्था दिसतेच की. पितळेचे कॉन्टॅक्ट हिरवे पडले असतील, वायरीचा टाका सैल असेल, प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर नवीन स्विच घ्यावा. स्वच्छ असतील तर कशाला? कंपनीचा जुना स्विच आणि बाजारातला स्वस्त नकली नवा स्विच यात मी जुनाच ठेवेन. नकली स्विचमध्ये स्प्रिंग मऊ असते, पत्रा पातळ असतो, आणि कॅपवरचं चिन्ह नुसतं छापलेलं असतं, लवकर जातं.

वायरमन_ऐरोली

वरच्या वादात एक गोष्ट राहिली. कॅप का मोडली, हे आधी शोधा.

ऊन आणि वय हे नेहमीचं कारण. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि लॉक सुटतो. पण कॅप किंवा तिच्या आजूबाजूचं प्लास्टिक आतून तपकिरी, मऊ, वाकलेलं दिसलं तर ते उन्हाचं काम नाही, ती खालच्या कॉन्टॅक्टची उष्णता आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट हँडलवरच्या स्विचमधून जातो. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर घेतो, ६० वॅटचा ५ अँपिअर. घोडबंदरला दिवे कमी म्हणून लोक १०० वॅटचा हॅलोजन घालतात, तो ८ अँपिअरच्या वर जातो. स्विच त्या हिशोबाने बनवलेलाच नसतो. कॉन्टॅक्ट तापतो, त्याच्या वरचं प्लास्टिक मऊ होतं. अशा वेळी कॅप बदलून काहीच साधत नाही. रिले घाला, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच. मग हँडलच्या स्विचमधून फक्त रिलेला लागणारा किरकोळ करंट जाईल. सेल्फच्या बटणाचं हेच आहे. स्टार्टर मोटरचा प्रचंड करंट त्या बटणातून जात नाही, बटण फक्त रिलेला इशारा देतं. म्हणून तिथली वायर बारीक असते आणि तो तडा उष्णतेचा असण्याची शक्यता कमी.

ज्यांना पूर्ण स्विच घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांच्या स्विचवर हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं. काहींत त्या जागी कोरं झाकण असतं. २०१३ च्या गाडीला दुकानदार नव्या मॉडेलचा स्विच देऊ शकतो, दिसायला तोच वाटतो. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या, पिना मोजा, वायरींचे रंग जुळवा, मगच पैसे द्या.

रंगांवरून अंदाज बांधणाऱ्यांनाही सांगतो. काळी वायर म्हणजे अर्थ, हे सगळीकडे खरं नाही. होंडात हिरवी अर्थ असते आणि काळीत चावी लावल्यावर सप्लाय येतो. यामाहात काळी अर्थ. होंडाची काळी वायर अर्थ समजून जोडली तर फ्यूज गेलाच. टेस्ट लॅम्प किंवा मल्टीमीटर लावून खात्री करा.

नेरुळची_रायडर

धागा वाचतेय, खूप कामाचा आहे. माझा प्रश्न पुसलेल्या चिन्हांचा.

बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, सीवूड्स ते वाशी स्कूटर चालवतात. हॉर्नचं आणि इंडिकेटरचं बटण एकाखाली एक आहेत. दोन्हीवरची चिन्हं गेली आहेत. पाम बीचवर ते अडत नाहीत, पण सेक्टरमधल्या वळणांवर हॉर्न द्यायचा तर इंडिकेटर लागतो. कोविडच्या काळात स्कूटरवर रोज सॅनिटायझर मारला जायचा, चिन्हं तेव्हापासूनच फिकी पडली. स्टिकर लावून पाहिला, पावसात निघून गेला. कायमचा उपाय आहे का?

प्लास्टिकवाला_रबाळे

ताई, तुमच्या प्रश्नापासून सुरू करतो. मी साच्यांच्या कामात आहे, त्यामुळे जरा लांबेल.

कॅपवर चिन्ह वेगवेगळ्या पद्धतीने येतं. वरून छापलेलं असतं किंवा कोरलेलं असतं. बोटाच्या नखाने चाचपून बघा. खोलगट रेघ लागली तर चिन्ह कोरलेलं आहे, फक्त त्यातला पांढरा रंग गेलाय. मग काम सोपं. सौम्य साबणाने धुवा, वाळवा, टूथपिकच्या टोकाने पांढरा इनॅमल रंग त्या रेघेत भरा, किंचित ओढ धरली की कापड बोटाभोवती ताणून वरून सपाट पुसा. रेघेतला रंग राहतो, वरचा जातो. एक दिवस सुकू द्या.

नखाला काहीच लागलं नाही तर ते छापील होतं. अल्कोहोल, घाम, सनस्क्रीन आणि रोजच्या अंगठ्याच्या घासण्याने छापील चिन्ह जातंच. त्यावर पुन्हा रंगवलं तरी टिकणार नाही. तुमच्या बाबांसाठी मी चिन्हापेक्षा स्पर्शाची खूण सुचवेन. हॉर्नच्या बटणाच्या मधोमध अॅराल्डाइटचा बारीक थेंब ठेवा, वाळला की टणक टिंब होतं. आधी ती जागा बारीक पॉलिश पेपरने खरवडा म्हणजे थेंब धरून राहील. अंगठ्याला टिंब लागलं की हॉर्न, नाही लागलं की इंडिकेटर. पावसाळी हातमोज्यातूनही जाणवतं. चालत्या गाडीवर चिन्ह वाचायला कुणाला सवड असते? चिन्ह नव्या माणसासाठी आणि अंधारात उभ्या गाडीसाठी. रोजच्या चालवणाऱ्याला आकार लागतो.

एक खबरदारी. थेंब इतका मोठा नको की बटण हाउसिंगच्या कडेला अडकून दाबलेलंच राहील.

आता कोलशेतकरांच्या मोडक्या लॉकबद्दल. चिकटवण्याआधी प्लास्टिक कुठलं आहे ते ओळखा. कॅपच्या आतल्या बाजूला दोन कोनी खुणांमध्ये रोमन अक्षरं कोरलेली असतात: एबीएस, पीसी, पीए, पीओएम अशी. एबीएस असेल तर नशीबवान आहात. एबीएसचे बारीक तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करायची आणि तडा गेलेल्या जागी भरायची. अॅसिटोन उडून गेल्यावर तिथे एबीएसच उरतं, जोड मूळ प्लास्टिकचाच होतो. सेल्फच्या बटणाचा तडा असा उत्तम भरतो. पण अॅसिटोन कॅपच्या दर्शनी बाजूला लागू देऊ नका, चकाकी जाऊन पांढरा डाग पडतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको.

पीए म्हणजे नायलॉन, पीओएम म्हणजे अॅसिटाल. सरकणारे भाग याच प्लास्टिकचे करतात कारण ते तेलाशिवाय सरकतात. ज्या गुणामुळे सरकतात त्याच गुणामुळे त्यांना गोंद धरत नाही. त्यांच्यावर अॅराल्डाइट नुसतं लावलं तर काही दिवसांत पापुद्रा निघतो. तिथे पिन घालावी लागते. मोडलेल्या लॉकच्या बुडात बारीक ड्रिलने भोक पाडायचं, स्टेनलेस स्टीलची तार आत घालून मग भोवती अॅराल्डाइट भरायचं. मग ताण तारेवर येतो, गोंदावर येत नाही. चोवीस तासांत पक्कं होणारं नेहमीचं अॅराल्डाइट घ्या, पाच मिनिटांतलं घेऊ नका. वाळल्यावर कानशीने लॉकचा आकार द्यायचा.

पावसाळी_ठाणेकर

फेविक्विक चालणार नाही का? माझ्या डिपरच्या कॅपला तेच लावायचं मनात होतं.

प्लास्टिकवाला_रबाळे

नको. ते पातळ असतं, फटीतून धावत आतल्या सरकपट्टीपर्यंत जातं आणि बटण जागच्या जागी जाम होतं. शिवाय त्याची वाफ भोवतालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरी धुरकट खळ सोडते. आणि धक्क्याला ते ठिसूळ आहे. ठाण्याच्या रस्त्यांवर धक्क्यांना तोटा नाही.

थ्री डी प्रिंटिंगबद्दलही लिहून टाकतो, कारण तो प्रश्न येणारच. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथे प्रिंट करून देणारे आहेत. दुसऱ्या बाजूची किंवा मित्राच्या गाडीची चांगली कॅप मोजून मॉडेल बनवता येतं. पण मटेरियल विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे असतं ते पीएलए. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचं काळं बटण तिथवर सहज पोहोचतं. पीईटीजी ८० अंशांपर्यंत टिकतं. एबीएस १०० च्या वर. सगळ्यात चांगलं एएसए, ते एबीएसइतकंच टणक आणि उन्हाने लवकर खराब होत नाही. ते बाहेर वापरायच्या वस्तूंसाठीच असतं. रेझिन प्रिंट दिसायला गुळगुळीत येतो, पण साधं रेझिन उन्हाने पिवळं आणि ठिसूळ होतं. लॉकसाठी तर नकोच.

अजून एक बारकावा प्रिंट करणाऱ्याला जरूर सांगा. प्रिंट थरांनी बनतो आणि दोन थरांमधला जोड हाच त्याचा कच्चा भाग. लॉकची कडी उभी प्रिंट केली तर थर आडवे येतात, आणि बसवताना कडी वाकली की नेमकी थरावर मोडते. कॅप आडवी ठेवून प्रिंट केली तर थर कडीच्या लांबीने जातात आणि ती वाकून परत येते. एकाच वेळी तीन-चार करून घ्या, एक बसवताना मोडली तर हाताशी दुसरी असते.

जुनी_यामाहा

वा, फार दिवसांनी असा धागा वाचला. वाचनखूण साठवली.

माझ्याकडे आरएक्स १०० आहे. तिचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, त्यामुळे आम्हाला काउंटरचा पर्यायच नाही, जे आहे ते जपायचं. किकवरच सुरू होते, त्यामुळे सेल्फच्या बटणाची भानगड नाही. बाकी बटणं मात्र जिवापाड जपावी लागतात. बाजारात नव्या बनावटीच्या कॅप मिळतात, पण मूळ कॅपची कड जी गोलसर असते ती त्यांना येत नाही, अंगठ्याला टोचते. म्हणून मी मूळचीच दुरुस्त करत आलो.

स्क्रूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जपानी घराण्याच्या गाड्यांचे स्टार स्क्रू हे आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्टारसारखे दिसतात, पण तसे नसतात. ते जेआयएस नावाच्या जपानी मापाचे असतात, काहींच्या डोक्यावर बारीक टिंब असतं. फिलिप्स ड्रायव्हरचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकतं. हँडलच्या स्विचचे स्क्रू बारीक, मऊ आणि पावसाने गंजलेले. तिथे पहिलाच फटका चुकला तर पुढे ड्रिल मारायची वेळ येते. जेआयएस ड्रायव्हर विकत मिळतो. एकदा घ्या, जन्मभर पुरतो. आदल्या रात्री स्क्रूवर दोन थेंब पेनिट्रेटिंग (गंजात झिरपणारं) तेल सोडा, आणि ड्रायव्हर सरळ रेषेत दाबून धरून मगच फिरवा.

अवांतर: पावसाळ्यात हँडलच्या स्विचवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवणारे खूप दिसतात. पाणी खालून शिरतंच, आणि पिशवीमुळे ते बाहेर येत नाही. मग आत दिवसभर वाफ. पिशवीपेक्षा उघडा स्विच बरा.

वायरमन_ऐरोली

पिशवीबद्दल शंभर टक्के सहमत. त्याच कारणासाठी हाउसिंगच्या खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक भोक किंवा फट ठेवलेली असते. काही जण कॅप बदलताना सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवून टाकतात. ते करू नका. आलेलं पाणी जायला वाट हवी. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर प्रेशरचं नोझल स्विचवर रोखू नका असं आधी सांगा. विटाव्याला रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्यापेक्षाही ते प्रेशर स्विचला जास्त बाधतं, कारण ते थेट बटणाच्या फटीत घुसतं.

उघडलंच आहे तर साफसफाईही करून घ्या. प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही नको. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका, त्यावर धूळ बसते. क्लीनर सुकल्यावर सरकत्या भागांना सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस अगदी पातळ लावा. ढीगभर ग्रीस भरलं तर थंडीत बटण जड जातं आणि धुळीची कणीक होते.

कोलशेतकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

खोपटजवळच्या एका जुन्या गॅरेजमध्ये डबा मिळाला. माझ्याच मॉडेलचा नव्हे, पण त्याच वर्गातल्या दुसऱ्या गाडीचा डावा स्विच होता, हेडलाइटच्या बाजूला जळालेला. इंडिकेटरची कॅप काढून माझ्या कॅपशी मागून ताडली. लॉकचं अंतर तेच, मधली खाच तीच, फक्त दर्शनी बाजूचा बाण जरा वेगळ्या वळणाचा. मालकांनी पैसे घ्यायला नकार दिला, मग मी गाडीचं ऑइल त्यांच्याकडेच बदलून घेतलं.

स्क्रूवर तेल आदल्या रात्रीच सोडलं होतं. जेआयएस ड्रायव्हर घेतला आणि स्क्रू पहिल्या झटक्यात सुटले, जुनी_यामाहा यांचं त्यासाठी विशेष आभार. आत कॉन्टॅक्ट पिवळेजर्द, एका कोपऱ्यात फक्त हिरवट झाक. प्लास्टिक कुठेही तपकिरी नाही. म्हणजे मोडलेला लॉक उन्हाचाच बळी. सरकपट्टी मोकळी करावी लागली नाही, कॅप वरूनच निघाली, तरी खाली परात ठेवली होती. नवीन कॅप आधी एक लॉक अडकवून मग दुसऱ्या बाजूने अंगठ्याने दाबली, टक असा आवाज आला आणि बसली.

सेल्फच्या बटणाच्या आत एबीएस लिहिलेलं सापडलं. तडा आतल्या बाजूने लापशीने भरला, बाहेरून कळतही नाही. हॉर्नचं चिन्ह कोरलेलं निघालं, रंग भरला.

उजवी बाजू उघडणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो: माझ्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबलही त्याच हाउसिंगमध्ये आहे. परत बंद करताना केबल तिच्या खोबणीत बसली आहे ना ते बघितल्याशिवाय स्क्रू आवळू नका. आवळल्यावर इंजिन बंद असतानाच हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून मूठ पिळून सोडा. दोन्हीकडे मूठ आपोआप फटकन परत आली पाहिजे. मग इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना न्या, रेस आपोआप वाढता कामा नये. बटणापायी ॲक्सिलरेटर अडकला तर त्याहून वाईट काही नाही. किल स्विचने इंजिन बंद होतं की नाही तेही तिथेच तपासा.

खोपट_ते_खारघर

कोलशेतकर, छान काम केलंत. आतली अवस्था बघून निर्णय घ्यावा हे मान्य. माझ्या गाडीत उघडल्यावर टाके सुटलेले होते म्हणून मी पूर्ण बदलला, आणि तुमच्यासारखे कॉन्टॅक्ट स्वच्छ असते तर बदलला नसता. काढलेला जुना स्विच अजून घरात आहे. कॅप चांगल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर खारघर स्टेशनजवळ देऊ शकतो, मॉडेल आधी व्यक्तिगत निरोपात जुळवून घेऊ.

नेरुळची_रायडर

बाबांच्या हॉर्नवर टिंब केलं. पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांची स्कूटर घेऊन आले, यावरही करून दे म्हणून. प्लास्टिकवाला, तुमचे खूप आभार.

पावसाळी_ठाणेकर

अजून एक शंका. माझ्या भावाच्या गाडीची बटणं रात्री मागून उजळतात. त्याच्या कॅपवरचा काळा रंग घासून गेलाय आणि आता चिन्हाऐवजी अख्खं बटणच उजळतं. याला काही उपाय? आणि एनफिल्डच्या मीटिऑरवर जे गोल फिरवायचे नॉब आहेत त्यांनाही हीच रीत लागू पडते का?

प्लास्टिकवाला_रबाळे

मागून उजळणारी कॅप मुळात दुधी, प्रकाश आरपार जाणाऱ्या प्लास्टिकची असते. तिच्यावर काळ्या रंगाचा थर देऊन चिन्हाच्या जागी लेझरने तो थर उडवलेला असतो. थर घासला की प्रकाश सगळीकडून गळतो. ब्रशने रंगवून जमत नाही, थर एकसारखा येत नाही आणि चिन्हाची कड जाड होते. जमेल अशी रीत म्हणजे चिन्हाच्या आकाराचं बारीक विनाइल कापून घेऊन ते चिन्हावर चिकटवायचं, कॅप काढून तिच्यावर काळ्या स्प्रेचे दोन-तीन पातळ हात मारायचे, वर मॅट क्लिअरचा (बिनचकाकीच्या पारदर्शक स्प्रेचा) हात, आणि मग विनाइल सोलून काढायचं. विनाइल कापून देणारे नंबर प्लेट आणि स्टिकरवाल्यांकडे असतात. स्प्रे मारण्याआधी आतल्या बाजूला थोडासा मारून बघा, प्लास्टिक चरत नाही ना. दिव्यासमोर धरून पाहिलं की कुठे पातळ राहिलं ते लगेच दिसतं.

गोल नॉबचं गॅरेजवाल्या दादांनी सांगावं.

गॅरेजवाला_कळवा

गोल नॉबला ही रीत तशीच्या तशी लागू नाही. तिथे बोट ढकलत नाही, पिळतं, त्यामुळे लॉकवर येणारा ताण फिरवण्याचा असतो आणि चिकटवलेला जोड तिथे लवकर सुटतो. उजवा नॉब तर इंजिन चालू-बंद आणि सेल्फ दोन्ही करतो. वॉरंटीत गाडी असेल तर हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटी संपली असेल तर गाडी घेऊन या, उघडण्याआधी बघून सांगतो. रविवारी दुपारी दोनपर्यंत गॅरेज उघडं असतं.